पितळी शिरस्त्राणाची झळाळी: लॅकर की मेण?

ग्रीक कोरिंथियन किंवा रोमन घडणीचं शिरस्त्राण घरी आलं की ते चमकतं कसं ठेवायचं, हा प्रश्न लगेच उभा राहतो. मूळ ग्रीक शिरस्त्राणं कांस्याची असत. प्रतिकृती मात्र बहुतेक पितळेच्या असतात, कारण पितळी पत्रा स्वस्त आणि सहज मिळतो. रोमन चिलखतांच्या बिजागऱ्या आणि बकलं खरोखरच पितळेची असायची, त्यामुळे तिथे पितळ परकं वाटत नाही.

आधी दोन गोष्टी तपासा. लोहचुंबक चिकटला तर आत पोलाद आहे आणि वर पितळेचा नुसता मुलामा. त्याला पॉलिश लावलं की मुलामा निघून जाईल. चिकटला नाही, तर आतल्या बाजूच्या एखाद्या कोपऱ्यावर पॉलिशचं फडकं घासून बघा. फडकं काळं झालं तर पितळ उघडं आहे. स्वच्छ राहिलं तर कारखान्यातच लॅकर, म्हणजे वार्निशसारखा पारदर्शक थर, चढवलेलं आहे.

लॅकरचा मोठा फायदा असा की भिंतीवर किंवा कपाटात ठेवलेल्या वस्तूला बरीच वर्षं हात लावावा लागत नाही. इन्क्रालॅक हे अ‍ॅक्रिलिक लॅकर तांब्या-पितळेसाठीच बनवलेलं आहे, त्यात गंज रोखणारं बेन्झोट्रायझोल असतं. पण लावणं कटकटीचं. पत्रा अ‍ॅसिटोनने पुसून तेलाचा अंशही राहू द्यायचा नाही, हातमोजे घालायचे. नाहीतर बोटांचे ठसे लॅकरखाली तपकिरी होऊन कायमचे दिसतात. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात हे काम काढूच नका. दमट हवेत, विशेषतः नायट्रोसेल्युलोज लॅकरवर, पांढुरकी धुरकट झाक येते.

लॅकर हरतं ते वापरात. शिरस्त्राण डोक्यावर चढवलं की कडा आणि गालपट्ट्या घासल्या जातात. एका ओरखड्यातून हवा आत शिरते आणि लॅकरखाली काळ्या रेघा पसरत जातात. त्या वरून पुसून निघत नाहीत. थिनर किंवा अ‍ॅसिटोनने अख्खं लॅकर उतरवून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

मेणाचं संरक्षण त्यामानाने दुबळं, पण डागडुजी सोपी. रेनेसान्स वॅक्स हे मायक्रोक्रिस्टलाइन मेण 1950 च्या दशकात ब्रिटिश म्युझियममधल्या कामासाठी तयार झालं. सुती फडक्याने अगदी पातळ हात द्यायचा आणि लगेच घासून चमकवायचं. जिथे झिजलं तेवढ्याच जागी पुन्हा लावता येतं. मात्र वर्षातून काही वेळा आठवणीने लावावं लागतं, आणि घामेजले हात लागले की त्याच दिवशी पुसून घ्यावं लागतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: नाटकात, मिरवणुकीत, लढाईच्या प्रात्यक्षिकात घालायचं असेल तर मेण, फक्त मांडून ठेवायचं असेल तर नीट लावलेलं लॅकर. जुनेपणाची तपकिरी छटा आवडत असेल तर ती येऊ द्या आणि वर मेण लावा. मला स्वतःला हीच छटा सर्वांत देखणी वाटते.

सतत पॉलिश करत बसणं हा तिसरा पर्याय मी देणार नाही. दर खेपेला थोडा धातू जातो, नक्षीच्या कडा बोथट होतात. समई घासायची चिंच किंवा लिंबू-मीठही इथे नको. आम्लाने पृष्ठभागावरचं जस्त निघून जातं आणि तांबूस डाग उमटतात. अमोनियावाल्या पॉलिशपासून तर चार हात दूर राहा. ब्रिटिश काळात भारतातल्या लष्कराची पितळी काडतुसं पावसाळ्यात आपोआप तडकत. तबेल्यातल्या घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया आणि ओढून घडवलेल्या पितळेतला ताण, या दोन्हींचा तो परिणाम होता, हे 1921 मध्ये सिद्ध झालं. ठोकून घडवलेल्या शिरस्त्राणातही तसाच ताण उरलेला असू शकतो.

चामड्याच्या पट्ट्यांकडे दोन्ही पद्धतींत लक्ष हवंच. चामड्यातल्या चरबीमुळे रिबिटांभोवती हिरवा, मेणचट कळंक साठतो. तो लाकडी टूथपिकने अलगद खरवडून काढा आणि स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. ठेवताना सुती कापडात गुंडाळा. लोकर आणि रबरबँड यांच्यात गंधक असतं, त्याने पितळ काळं पडतं.