गावच्या घराला फ्रिज-टीव्ही घ्यायचाय: चेन शोरूम, ऑनलाइन की आपला बाजारातला दुकानदार?

श्रावण लागला की मला मुंबईहून फोन सुरू होतात. गणपतीला येतोय, आईसाठी फ्रिज घ्यायचाय, इथून ऑनलाइन पाठवू की कणकवलीत घेऊ? मी काही दुकानदार नाही, पण गावात राहतो आणि गेल्या सात-आठ वर्षांत स्वतःच्या नि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मिळून बऱ्याच वस्तू तिन्हीकडून आणल्यात, त्यातल्या एकदोन चांगल्याच अंगाशी आल्यात. तेच तेच फोनवर सांगून दमलो म्हणून एकदाच लिहून टाकतो.

आधी माझी फजिती सांगतो. चार वर्षांपूर्वी डबल डोअर फ्रिज ऑनलाइन २१,९९० ला दिसत होता आणि बाजारात दुकानदार २३,५०० म्हणत होता. दीड हजार वाचतायत म्हणून ऑर्डर टाकली. माल भिवंडीच्या गोडाउनमधून निघाला, मोबाईलवर मस्त दिसत होता कुठे पोचला ते, कणकवलीपर्यंत आला आणि बसला तिथेच. ड्रायव्हरचा फोन, गाडी मोठी आहे, आत येणार नाही, तुम्हीच येऊन घेऊन जा. आमची वाडी हायवेपासून १८ किलोमीटर आत आणि रस्त्यापासून घरापर्यंत जांभ्याच्या चाळीसेक पायऱ्या. छोटा हत्ती टेम्पो केला ९०० रुपयांत, पायऱ्या उतरवायला दोन माणसं ४०० ला, म्हणजे दीड हजारातले उरले किती तर २१०. खोका उघडला तर मागच्या कोपऱ्याला हा एवढा पोचा. फोटो पाठवले, बदलून देतो म्हणाले, पण न्यायला परत तीच मोठी गाडी येणार आणि परत मीच कणकवलीपर्यंत नेऊन देणार, म्हणून सोडून दिलं.

खरी मजा चौदा महिन्यांनी. भर मे महिन्यात फ्रिज गप्प. आंब्याचा रस भरून ठेवलेला, त्यात सुरमईचे तुकडे. कंपनीच्या नंबरवर तक्रार टाकली, अकराव्या दिवशी माणूस आला आणि पीसीबी (आतला सर्किट बोर्ड) गेलाय, मागवावा लागेल सांगून गेला तो परत आलाच नाही. शेवटी तोंड पाडून बाजारातल्या त्याच दुकानदाराकडे गेलो. तो काउंटरवरनं नुसता हसला, "आता आठवण इली काय माझी?" पण संध्याकाळी त्याचा मेकॅनिक बाईकवर हजर. मागचं झाकण काढलं तर पीसीबीवर पाल अडकून मेलेली, एक भाग जळून काळा. २,८०० रुपयांत काम झालं. कंप्रेसरला दहा वर्षं वॉरंटी म्हणून खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं ना, ती फक्त कंप्रेसरची, बाकी सगळ्याला बहुतेक वेळा एकच वर्ष, आणि कोकणात कंप्रेसर जायच्या आधी पाल, मुंग्या आणि वीज हे तिघं आपलं काम करून जातात.

म्हणून माझं मत सरळ आहे, गावच्या घरासाठी वस्तू घेताना किंमत बघायच्या आधी बिघडली तर कोण येणार ते बघायचं. पण हे सगळ्याच वस्तूंना सारखं लागू होत नाही आणि तिथेच लोक गडबड करतात, एक तर सगळंच ऑनलाइन किंवा सगळंच आपल्या माणसाकडून.

फ्रिज आणि वॉशिंग मशीन मी आता डोळे मिटून बाजारातून घेतो. वॉशिंग मशीनचं उदाहरण बघा. बहिणीला फुली ऑटोमॅटिक हवी होती, दुकानदाराने पहिला प्रश्न विचारला, टाकी कुठे आहे? कौलारू घर, टाकी मागच्या पडवीवर, मशीनपासून जेमतेम पाच फूट वर. तो म्हणाला मग पाणी भरायलाच तास लावेल ती नाहीतर एरर दाखवून बंद पडेल, निदान दहा फूट तरी उंची पाहिजे, नाहीतर प्रेशर पंप लावा, नाहीतर सरळ सेमी ऑटोमॅटिक घ्या, ती बादलीने भरली तरी चालते. आणि सेमी पण प्लास्टिक बॉडीची घ्या, खाऱ्या वाऱ्याला पत्र्याची खालून सडते. म्हणजे त्याने स्वतःहून पाच-सहा हजारांनी स्वस्त वस्तू विकली. वेबसाइटवर सगळे फिल्टर आहेत, किलो, आरपीएम, रंग, स्टार, पण टाकी किती उंचीवर आहे हा फिल्टर मी अजून बघितला नाही.

फ्रिजमध्ये पण असंच. फ्रॉस्ट फ्री दिसायला भारी, बर्फ काढायला नको, पण त्यातल्या बऱ्याच मॉडेलमध्ये फ्रीजरची आणि खालची हवा एकच फिरते. नीट न बांधता सुके बोंबील ठेवा आणि सकाळचा चहा प्या, कळेल. पावसाळ्यात दहा-बारा तास लाईट गेली तर जुन्या पद्धतीचा, बर्फाचा थर धरणारा सिंगल डोअर जास्त वेळ गारवा धरतो. आई-बाबा दोघंच असतील तर मी तोच सांगतो. हे ऐकून मुंबईतली पोरं नाक मुरडतात.

आता बाजारातल्या दुकानदाराची दुसरी बाजू पण सांगायला हवी नाहीतर त्याची जाहिरात केल्यासारखं होईल. त्याच्याकडे चारच मॉडेल असतात आणि त्यातलं एक गेल्या पावसाळ्यापासून तिथेच उभं असतं. वीज किती खाते ते सांगणाऱ्या स्टार लेबलवर कुठल्या वर्षाचं आहे ते छापलेलं असतं, ते वाचाच, कारण स्टारचे निकष मधून मधून कडक होतात आणि जुन्या लेबलचा पाच स्टार नव्या हिशोबात चार किंवा तीनच भरतो. ज्या ब्रँडमध्ये त्याला जास्त सुटतं तोच तो पुढे करणार, हे पण धरून चाला. आणि सगळ्यात वाईट म्हणजे "बिल कशाला, जीएसटी वाचेल तुमचा" ही ऑफर. अजिबात घेऊ नका. फ्रिजला १८ टक्के जीएसटी तिन्हीकडे सारखाच आहे, तो वाचवायच्या नादात वॉरंटी गेली, ग्राहक आयोग गेला, सगळंच गेलं. पक्कं बिल, त्यावर सिरीयल नंबर, आणि तो मागच्या स्टिकरशी जुळवून बघायचा, त्याच्यासमोर.

टीव्हीचं गणित उलटं आहे. टीव्ही बघून घ्यायची वस्तू, आणि शेजारी शेजारी वीस टीव्ही लावलेले आपल्याला फक्त मोठ्या चेनच्या शोरूममध्येच बघायला मिळतात. आमच्या भागातली माणसं त्यासाठी घाट चढून कोल्हापूरला जातात, सावंतवाडी-दोडामार्गकडची गोव्यात उतरतात, चाकरमानी मुंबईतच बघतो. क्रोमा २००६ पासून आहे, रिलायन्स डिजिटल २००७ पासून, आणि विजय सेल्स तर १९६७ ला माहीमला शिलाई मशीन, पंखे, ट्रान्झिस्टर विकणारं छोटं दुकान होतं, म्हणजे आपल्या बाजारातल्या दुकानदार काकांसारखंच. तिथे पक्कं बिल न मागता मिळतं, जुनी वस्तू एक्सचेंजमध्ये जाते, ईएमआयचा काउंटर आतच असतो, आणि लोकांना वाटतं भाव फिक्स आहे पण तसं नाही, मॅनेजरला बोलावून मोबाईलवरचा ऑनलाइन भाव दाखवला की बऱ्याचदा खाली येतो, नाहीच आला तर स्टँड नाहीतर स्टॅबिलायझर तरी मिळतो. मॉडेल नंबर मात्र शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा, कारण कंपन्या ऑनलाइनसाठी आणि दुकानासाठी एकाच टीव्हीचे थोडे वेगळे नंबर काढतात आणि मग "हे ते मॉडेल नाही सर" ऐकायला मिळतं.

शोरूममध्ये दोन गोष्टींनी फसायला होतं. एक म्हणजे तिथला टीव्ही स्टोअर मोडवर असतो, ब्राइटनेस पूर्ण वर, रंग भडक, त्यात परदेशातल्या फुलांचा व्हिडिओ. सांगा त्यांना बातम्यांचा चॅनल नाहीतर क्रिकेट लाव म्हणून, मग खरं चित्र दिसतं. दुसरं म्हणजे समोर उभा असलेला सेल्समन. त्याच्या टीशर्टवर कंपनीचं नाव असेल तर तो शोरूमचा नसून त्या कंपनीचा माणूस असतो, पगार कंपनी देते, त्याला विचारून उपयोग काय, शेजारचा टीव्ही त्याला कायम वाईटच दिसणार. शोरूमचा स्वतःचा जाणता माणूस शोधा, असतो एखादा.

या जाणत्या माणसावरून आठवलं. अमेरिकेत सर्किट सिटी नावाची इलेक्ट्रॉनिक्सची मोठी चेन होती, त्यांनी मार्च २००७ मध्ये खर्च वाचवायला सुमारे ३,४०० सेल्सवाले काढले, पगार जास्त होता म्हणजे जुने नि अनुभवीच, आणि त्यांच्या जागी स्वस्तातले भरले. नोव्हेंबर २००८ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज टाकला आणि मार्च २००९ पर्यंत सगळी दुकानं बंद. मंदी होती, बाकी कारणं पण होती, तरी. त्यांची स्पर्धक बेस्ट बाय मात्र टिकली. लोक तिच्या दुकानात बघून ऑनलाइन घ्यायला लागले तेव्हा तिने २०१३ मध्ये ऑनलाइनचा भाव आम्हीच देतो म्हणून जाहीर केलं, आणि घरी येऊन दुरुस्ती करणारी माणसं तिच्याकडे होतीच. म्हणजे तिथेपण शेवटी घरी कोण येतो यावरच आलं.

टीव्ही कोल्हापुरात घेतलात तर शोरूमची डिलिव्हरी घाटाखाली कुठपर्यंत आहे आणि वरचे किती घेणार ते पैसे भरायच्या आधी बिलावर लिहून घ्या. गाडीत घालून आणत असाल तर टीव्ही उभाच ठेवायचा, आडवा करून त्यावर बॅगा रचू नका. एका शेजाऱ्याने घरी आणून लावला तर पॅनलला मधोमध रेघ. वॉरंटीत बसत नाही.

ऑनलाइन मी काय घेतो मग? मिक्सरचं भांडं, इअरफोन, राउटर, ट्रिमर, रिमोट, वॉटर फिल्टरची कँडल, म्हणजे जे पोस्टमनच्या नाहीतर कुरियरच्या पिशवीत मावतं आणि बिघडलं तर परत त्याच पिशवीतून जातं. यात बाजारातलं दुकान ऑनलाइनच्या जवळपास पण येत नाही, तिथे "मागवून देतो, बुधवारी या" आणि तो बुधवार कधी येत नाही. मोठी वस्तू घेणार असालच तर आधी गावचा पिनकोड टाकून बघा, मुंबईचा नको, बऱ्याच गावांना मोठ्या वस्तूंची डिलिव्हरीच नसते. उघडून दाखवून देणारी डिलिव्हरी असेल तर तीच घ्या. विकणारा कोण आहे ते वाचा, कारण परदेशी पैशावर चालणाऱ्या साइटला स्वतःचा माल विकता येत नाही, ती नुसता बाजार मांडते, बिल दुसऱ्याच कुणाच्या तरी नावाने येतं.

चाकरमान्यांची नेहमीची चूक म्हणजे पंधरा ऑगस्टच्या सेलमध्ये घेऊन गावी पाठवायचं आणि "मी आल्यावर उघडू" म्हणून खोका माजघरात ठेवायला सांगायचं. बदलून द्यायची मुदत सात नाहीतर दहा दिवसांची असते, तुम्ही येईपर्यंत ती संपलेली असते, आणि आत फुटका निघाला तर मग कंपनीच्या दारात. पोचल्या दिवशी उघडायचा, शेजारच्या पोराला व्हिडिओ काढायला सांगायचा.

मोठे ऑनलाइन सेल असतात दसरा-दिवाळीच्या तोंडावर, आणि आपली खरेदी गणपतीला, त्यामुळे ते बहुतेक आपल्याला चुकतातच. २०२५ ला तर हाइट झाली, गणपती २७ ऑगस्टला, आणि २२ सप्टेंबरपासून ३२ इंचावरच्या टीव्हीचा आणि एसीचा जीएसटी २८ चा १८ टक्के झाला. गणपतीला टीव्ही घेतलेले सगळे कपाळावर हात मारून बसलेले.

एसी आणि इन्व्हर्टरला चौथा पर्याय धरा, फक्त तेच काम करणारं दुकान. इन्व्हर्टर-बॅटरीवाला घरी येऊन लोड मोजतो, बॅटरीत पाणी घालायला माणूस पाठवतो, आणि अर्थिंग तपासतो, जे जांभ्याच्या जमिनीत उन्हाळ्यात नुसतं नावाला उरतं. वळवाच्या विजेत गेलेली वस्तू कुणीच वॉरंटीत धरत नाही, शोरूम नाही, ऑनलाइन नाही, काका पण नाहीत. एसीचं आउटडोअर समुद्राच्या बाजूला लावू नको आणि कॉइल तांब्याचीच घे, हे मला अशाच एकाने सांगितलं, शोरूममध्ये चार वेळा जाऊन कुणी बोललं नव्हतं.

पैशाचं म्हणाल तर नो कॉस्ट ईएमआय (म्हणजे बिनव्याजी म्हणून सांगितलेले हप्ते) तिन्हीकडे मिळतो, पण रोखीवरचा डिस्काउंट जातो, प्रोसेसिंग फी लागते, कार्डवर व्याजाच्या भागाला जीएसटी लागतो, तेव्हा नो कॉस्ट म्हणजे काय ते बेरीज करून बघा. आमच्या दुकानदाराचा ईएमआय म्हणजे वही. आंब्याचे पैसे आले की दे, म्हणतो. यंदा आंबा कमी आला तर तोही कमीच घाई करतो.

भांडायची वेळ आलीच तर २०१९ च्या ग्राहक कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे कंपनी बंगळुरूची असली तरी आपण ओरोसला, सिंधुदुर्गच्या जिल्ह्याच्या ठिकाणी. ५ लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघा, कधी कधी तेवढ्यावर पण हलतात.

आणि ज्यांचं घर गणपती आणि मे महिना सोडून बंदच असतं त्यांनी यातलं फार काही मनावर घेऊ नका. साधा सिंगल डोअर, बाजारातून, गावी पोचल्यावरच घ्या, सेलमध्ये घेऊन ठेवू नका, कारण वॉरंटी बिलाच्या तारखेपासून मोजतात आणि घर बंद असलं तरी ती चालूच असते. परत जाताना प्लग काढा, आतून कोरडा पुसा, आणि दरवाजात लाकडाची चिपटी अडकवून उघडाच ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी आत हिरवी बुरशी.