फ्रेम बांधाव्यात की वॅट?
पावसाळ्यात फोंड्याकडे वीज गेली की हातातल्या गेमिंग यंत्राची बॅटरी पुरवून वापरावी लागते, आणि स्टीम डेकवर त्यासाठी दोन उपाय हाताशी असतात: फ्रेमची, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची, संख्या बांधणे (तिला कमाल मर्यादा घालणे) किंवा प्रोसेसरचे वॅट, म्हणजे त्याचा वीजवापर, बांधणे. सेकंदाला 60 ऐवजी 40 फ्रेम ठरवल्या, तर प्रत्येक फ्रेमसाठी सुमारे 16.7 ऐवजी 25 मिलिसेकंद मिळतात. चित्र लवकर तयार झाले की उरलेला वेळ प्रोसेसर विसावतो, आणि अवघड दृश्य आले तर पूर्ण ताकद वापरण्याची मोकळीक त्याला राहते. पडद्याचा रिफ्रेश दरही, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो तो आकडा, 40 हर्ट्‌झवर आणला, तर हालचाल एकसारखी दिसते. 30 फ्रेमपेक्षा ही तडजोड मला कितीतरी सुखद वाटते.

वॅटची मर्यादा अधिक कठोर असते. 15 वॅटचे 8 केले, की प्रोसेसरचा खर्च त्यापलीकडे जात नाही. परंतु प्रोसेसरमधल्या सीपीयू (खेळाची आकडेमोड करणारा भाग) आणि जीपीयू (चित्र रंगवणारा भाग) यांना तेवढ्यातच वाटणी करावी लागत असल्यामुळे गर्दीच्या दृश्यात फ्रेम गळू लागतात. शिवाय पडदा आणि वाय-फाय यांचा खर्च वेगळाच असतो, त्यामुळे प्रोसेसरचे वॅट निम्मे केले तरी पहिल्या स्टीम डेकच्या 40 वॅट-तासांच्या बॅटरीवर खेळाचा वेळ दुप्पट होत नाही. म्हणून मी आधी फ्रेम बांधतो, आणि खेळ अडखळत नाही तोवरच वॅट एकेक करून उतरवतो.