एक सर्व्हर, चाळीस लॉगिन: मर्यादा लिमिट्स.कॉन्फमध्ये घालायची की सिस्टमडीच्या स्लाइसवर?

विभागाच्या सामाईक लिनक्स सर्व्हरवर एसएसएचने (दूरच्या मशीनवरून लॉगिन करून) तीस-चाळीस जण येतात, एखादा सगळी रॅम गिळतो आणि बाकीच्यांचे टर्मिनल गोठते. मग मर्यादांचा विषय निघतो. मार्ग दोन आहेत. एक जुना: लिमिट्स.कॉन्फ ही मर्यादांची फाइल, जी लॉगिनच्या वेळी पॅम (लॉगिन तपासणारी यंत्रणा) वाचतो. दुसरा: सिस्टमडी (सेवा आणि सेशन सांभाळणारी लिनक्सची व्यवस्था) लॉगिन झालेल्या प्रत्येक वापरकर्त्याला जी स्वतंत्र स्लाइस, म्हणजे त्याच्या प्रोसेसचा गट, देते, तिच्यावर घातलेली मर्यादा. ती राबवतात कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, सीग्रुप: प्रोसेसचे गट, ज्यांचा एकत्रित वापर कर्नल मोजतो आणि रोखतो.

दुखणे रॅमचे असेल तर फार विचार करू नका, स्लाइस घ्या. लिमिट्स.कॉन्फमधल्या बहुतेक मर्यादा एकेका प्रोसेसला लागतात. ‘एएस’ ही मेमरीची मर्यादा ४ जीबी ठेवलात आणि कुणी पायथनचे २० प्रोसेस सोडले, तर तो ८० जीबीपर्यंत जाऊ शकतो, तेही एकही नियम न मोडता. शिवाय ‘एएस’ प्रोसेसने राखलेली मेमरीच्या पत्त्यांची जागा मोजतो, प्रत्यक्ष वापरातली रॅम मोजत नाही. जावा सुरू होतानाच भरपूर जागा राखून ठेवते, ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका शोधणारे साधन) तर कित्येक टेराबाइट. त्यामुळे रॅम रिकामी असतानाही निरुपद्रवी प्रोग्रॅम सुरूच होत नाही आणि तक्रार तुमच्याकडे येते. प्रत्यक्ष रॅमची मर्यादा म्हणून ‘आरएसएस’ची ओळ मोहात पाडते, पण लिनक्स २.४.३० पासून कर्नल तिच्याकडे बघतसुद्धा नाही. तरी ती कॉन्फिगमधून कॉन्फिगमध्ये कॉपी होत राहते.

स्लाइसमध्ये त्या माणसाच्या सगळ्या प्रोसेसची बेरीज धरली जाते. ‘मेमरीहाय’ ओलांडली की कर्नल त्याचा वेग कमी करतो. ‘मेमरीमॅक्स’ला टेकला आणि काही मोकळे करता आले नाही, की त्याच्याच स्लाइसमधला प्रोसेस मारला जातो, शेजाऱ्याचा नाही. सगळ्यांना एकच नियम लावायची सोय सिस्टमडी २३९ पासून, म्हणजे २०१८ पासून आहे. मात्र ‘मेमरीहाय’ला सीग्रुपची दुसरी आवृत्ती लागते, आरएचईएल (रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स) ९ मध्ये ती मुळातच चालू असते, ८ मध्ये नसते.

सीपीयूसाठी ‘सीपीयूकोटा’ २०० टक्के म्हणजे दोन कोअर, मशीन रिकामे असले तरी. रात्री कुणी नसताना एकट्या विद्यार्थ्याला दोन कोअरवर अडवण्यात काय अर्थ? मी ‘सीपीयूवेट’ (सीपीयूतला सापेक्ष वाटा) वापरेन. त्याचा हिशेब ओढाताण सुरू झाल्यावरच होतो.

पण एवढ्यावरून लिमिट्स.कॉन्फ मोडीत काढू नका. उघड्या फायलींची संख्या, कोअर डंपचा (कोसळलेल्या प्रोग्रॅमच्या मेमरीच्या प्रतीचा) आकार, एकाच वेळी किती लॉगिन, ही कामे तिथेच शोभतात. आणखी एक: तिथे @ लावून अख्ख्या ग्रुपला नियम देता येतो. स्लाइसची फाइल एकतर सगळ्यांसाठी असते, नाहीतर एका यूआयडीसाठी (वापरकर्त्याच्या क्रमांकासाठी). एमएस्सीच्या मुलांना वेगळे आणि प्राध्यापकांना वेगळे हवे असेल, तर यूआयडीगणिक फायली बनवणारी स्क्रिप्ट लिहावी लागते. कंटाळवाणे आहे, पण एकदाच करायचे. प्रोसेसच्या संख्येला लिमिट्स.कॉन्फमधला ‘एनप्रॉक’ आणि स्लाइसवरचा ‘टास्क्समॅक्स’ दोन्ही चालतात. दोन्ही थ्रेडही मोजतात, तेव्हा आकडा फार आवळू नका.

फ्रीबीएसडीवर (लिनक्ससारख्याच दुसऱ्या प्रणालीवर) लॉगिन.कॉन्फचे क्लास आहेत. ते ग्रुपसारखे सोयीचे, पण रॅमची मोजणी तिथेही प्रोसेसगणिक. बेरजेसाठी आरसीटीएल ही तिथली मर्यादांची सोय वेगळी चालू करावी लागते.

बदल लागू व्हायला लिमिट्स.कॉन्फला नवे लॉगिन लागते. स्लाइसवर ‘सिस्टमसीटीएल सेट-प्रॉपर्टी’ चालवलेत की चालू सेशनलाच वेसण बसते. मशीन गुदमरत असताना याची किंमत कळते.

पळवाट मात्र स्लाइसलाही आहे. डेबियन आणि उबुंटूवर क्रॉनची (ठरल्या वेळी आपोआप चालणारी) कामे वापरकर्त्याच्या स्लाइसमध्ये येत नाहीत, क्रॉनच्याच सर्व्हिसखाली चालतात. हे ज्याला कळले तो रात्रीचे सिम्युलेशन तिथूनच सोडणार. तेव्हा क्रॉन.अलाऊमध्ये (क्रॉन वापरू शकणाऱ्यांच्या यादीत) मोजकीच नावे ठेवा, किंवा क्रॉनच्या सर्व्हिसवरही ‘मेमरीमॅक्स’ घाला.