डेव्हिड बघायला गेलो आणि बाबा घोट्यावरच अडकले

इटलीत फ्लॉरेन्सच्या अकादेमिया गॅलरीत मायकेलँजेलोचा डेव्हिडचा पुतळा बघायला ऑक्टोबरमधे आईबाबांना घेऊन गेलेलो, लिहीन लिहीन म्हणत राहून गेलं, आज मुहूर्त लागला. आधी तिकिटाचं सांगतो कारण आपली माणसं तिथंच फसतात. तिकीट म्युझियमच्या अधिकृत साइटवरूनच काढा, वर थोडे रिझर्व्हेशनचे पैसे पडतात पण ठरलेली वेळ मिळते. मी घाईघाईत सर्चमधे सगळ्यात वर दिसली त्या कुठल्यातरी साइटवरून काढलं, जवळजवळ डबल पैसे गेले आणि ऑडिओ गाइड म्हणून काय तर फोनवर एक लिंक, ती शेवटपर्यंत उघडलीच नाही. सोमवारी म्युझियम बंद असतं. आत सामान ठेवायची सोय नाही त्यामुळे मोठी सॅक नको, आणि अर्ध्या लिटरपेक्षा मोठी पाण्याची बाटलीपण चालत नाही. आमची एक लिटरची होती, तिघांनी दारातच गटागटा संपवली, मग आत गेल्यागेल्या बाबांनी पहिलं काय विचारलं असेल ते तुम्हीच ओळखा.

तर आत एक मोठा हॉल लागतो, तिथून डावीकडं वळलं की लांबलचक कॉरिडॉर आणि त्याच्या टोकाला काचेच्या घुमटाखाली डेव्हिड उभा. फोटोत हजार वेळा बघितलेला असतो हो, पण 517 सेंटिमीटर म्हणजे काय ते तिथं कळतं, साधारण तीन माणसं एकावर एक. सगळी पब्लिक सरळ तिकडंच धावते, सेल्फी, परत. असं करू नका. कॉरिडॉरच्या दोन्ही बाजूला मायकेलँजेलोचेच 'कैदी' नावाचे चार पुतळे आहेत, पोप ज्युलियस दुसरा याच्या थडग्यासाठी घेतलेलं काम, अर्धवट राहिलेलं. एकाचं डोकंच अजून दगडात आहे, अंग पिळवटून बाहेर यायला बघतंय आणि डोक्याच्या जागी नुसता ठोकळा. दातेरी छिन्नीचे ओरखडे तर इतके स्पष्ट की कुठल्या दिशेनं हात चालला तेसुद्धा कळतं. बाबांची तीस वर्षं कोल्हापूरजवळ शिरोलीत फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात गेली, ते इथं जे थांबले ते हलेचनात. म्हणाले, "फेटलिंग व्हायचं राहिलेलं कास्टिंग असतं बघ, तसंच की रे हे." फेटलिंग म्हणजे ओतलेल्या तुकड्यावरचं जादाचं काढून तो साफ करणं. खरं सांगतो, पुस्तकातनं वाचून मला जे कळलं नव्हतं ते या एका वाक्यात कळलं.

डेव्हिडकडं आलो. आईनं आधी जरा इकडंतिकडं बघितलं, मग हळूच, "मानेची शीर बघ कशी तटतटलीय." आणि खरंच ओ, उजव्या बाजूला गळ्याची शीर फुगलेली आहे, खाली सोडलेल्या उजव्या हातावरच्या शिरापण तशाच. समोरून बघितलं तर एकदम निवांत उभा वाटतो, एका पायावर भार टाकून, गोफण डाव्या खांद्यावर. पण तो जिकडं बघतोय त्या बाजूला जाऊन उभं राहा. कपाळाला आठ्या, भुवया ताणलेल्या, नजर लांब कुठंतरी. मला इतकी वर्षं वाटायचं हा जिंकून उभाय. बायबलमधे डेव्हिड गोफणीनं ज्या राक्षसी योद्ध्याला मारतो त्या गोलिएथचं मुंडकं पायाखाली शोधत होतो तर ते नाहीच, कारण लढाई अजून व्हायचीय. पोरगं टेन्शनमधे आहे. हे समोरच्या गर्दीत उभं राहून कधीच दिसणार नाही, गोल फिरावंच लागतं, मागं बसायला जागा आहे तिथं निवांत बसा.

बाजूनं बघितल्यावर अजून एक दिसतं, तो चांगलाच सडपातळ आहे. त्याचं कारण मी बाबांना सांगितलं. दगड इटलीतल्याच करारा गावच्या खाणीतला, उंच पण जाडीला कमी. 1464 मधे आगोस्तिनो दि दुच्चो म्हणून एकानं त्याला हात घातला आणि सोडून दिला, नंतर रोसेल्लिनोनं घेतला, त्याचंही जमलं नाही, मग पंचवीस वर्षं धोंडा कॅथेड्रलच्या आवारात ऊनपाऊस खात पडून. 1501 मधे 26 वर्षाच्या मायकेलँजेलोला तो दिला आणि 1504 मधे हा तयार. बाबा दोन मिनिटं गप्प, मग म्हणाले, "म्हणजे रिजेक्ट जॉबच की हा. दुसऱ्यानं घालवलेला पीस कोण हातात घेतंय?" आणि गेले ते वाकून घोटे बघायला. उजव्या पायामागं झाडाचा बुंधा आहे ना, तो शोभेचा नाही, साडेपाच टनांच्या वर वजन आहे, सपोर्ट लागणारच. घोट्यात आणि बुंध्यात बारीक चिरा आहेत, बाहेर होता तेव्हा थोडा कलला होता म्हणून. गार्ड आमच्याकडं बघायला लागला, कारण 1991 मधे एकानं हातोडा आणून डाव्या पायाचं बोट फोडलेलं, आणि आमचे बाबा बरोबर त्याच उंचीवर डोकं घालून उभे!

बाकी प्लास्टरच्या पुतळ्यांची मोठी खोली आहे, लोक तिथं फिरकत नाहीत. पुतळ्यांवर काळे ठिपके दिसतात ते किडे नव्हेत, मापं संगमरवरावर उतरवायला ठोकलेले खिळे आहेत. वाद्यांच्या विभागात प्रसिद्ध व्हायोलिन कारागीर स्त्रादिवारीचा 1690 चा व्हायोला आहे, म्हणजे व्हायोलिनचा जरा मोठा भाऊ. सोनेरी पार्श्वभूमीवरची जुनी धार्मिक चित्रं भरपूर, आम्ही पळतच बघितली, मला त्यातलं फार काही झेपत नाही.

कोल्हापूरकरांसाठी एक जादाचं. दुसऱ्या दिवशी फ्लॉरेन्समधल्याच काशीने पार्कच्या पार पश्चिम टोकाला गेलो, चालायची तयारी ठेवा. तिथं आपल्या कोल्हापूरच्या राजाराम महाराजांची छत्री आहे, इंग्लंडहून परतताना 30 नोव्हेंबर 1870 ला ते फ्लॉरेन्समधे वारले, अवघे विशीतले, आणि आर्नो आणि मुन्योनेच्या संगमावर त्यांचा अंत्यविधी झाला. छत्रीत त्यांचा अर्धपुतळा आहे, शेजारच्या पुलालापण इंडियानोचंच, म्हणजे 'भारतीया'चंच नाव. मला तिथं उभं राहून आठवलं, डेव्हिड म्युझियममधे नेला 1873 ला. म्हणजे महाराज शहरात होते तेव्हा तो अजून सिन्योरिया चौकात उघड्यावर उभा होता, जिथं आता 1910 पासून कॉपी आहे. बघितला असेल का त्यांनी? बाबा म्हणाले, "चौकातच होता तर मग चुकवणार कसा?"

पाचपैकी साडेचार. अर्धा मार्क तिकिटाचा, पण तो माझाच कापा. सकाळी सव्वाआठचा पहिला स्लॉट मिळाला तर तोच घ्या.