सॅफएल यूएस-०५ यीस्ट: मक्याच्या बिअरला घ्या, स्टीम बिअरला नको

घरी बिअर करतो, डिसेंबरपासून फर्मेंटिस कंपनीच्या या यीस्टचे (बिअर आंबवणारं खमीर) तीन पुडे वापरून झालेत म्हणून लिहितोय. ११.५ ग्रॅमचा पुडा, आमच्या २० लिटरच्या बॅचला एक बास होतो, आणि बेळगावच्या थंडीत खोलीच १८-२० डिग्रीवर असती त्यामुळे वेगळं काही करावं लागलं नाही.

पहिली क्रीम एल झाली, छान. (एल म्हणजे उबेला आंबवतात ती बिअर, लागर म्हणजे थंडीत; हे यीस्ट एलचं.) खरा जीव होता केंटकी कॉमनमध्ये. लुईव्हिलची ही बिअर, अमेरिकेत १९२० ला दारूबंदी लागली त्याच्या आधी तिथं जोरात चालायची, मका भरपूर, रंग तांबूस-काळसर आणि आठवडाभरात पिंपातनं थेट ग्लासात. फ्लेक्ड मका (आधीच शिजवून चपटा केलेला) इथं मिळाला नाही, मग बाजारातनं मक्याची भरड आणली, आधी घाट्यासारखी शिजवली कारण कच्ची घातली तर स्टार्च सुटतच नाही, खाली लागू नये म्हणून अर्धा तास पातेल्यापाशी ढवळत उभा होतो, आणि मग माल्टमध्ये (मोड आणून वाळवलेल्या बार्लीत) घातली.

तिसरी स्टीम बिअर. तिन्ही ग्लास नाव न सांगता मित्रांपुढं ठेवले. केंटकीला सगळे ब्राऊन एल म्हणत होते, पण निपाणीकडचा एकजण, त्याच्या घरी शेतात मकाच असतो, तो दोनदा वास घेऊन म्हणाला, "रंगावर जाऊ नका रे, भाजलेल्या कणसाचा वास येतोय बघा की." बरोबर ओळखलं त्यानं! हेच या यीस्टचं मोठेपण, स्वतःचा फळांचा वगैरे वास मध्ये आणत नाही, धान्य जसंच्या तसं पुढं येतं.

स्टीम बिअर मात्र कुणालाच ओळखली नाही, सगळे अंबर एल म्हणाले आणि चूक त्यांची नाही, माझीच. सॅन फ्रान्सिस्कोत १९व्या शतकात बर्फ मिळायची मारामार, म्हणून लागर यीस्टच उबेला वापरायचे, त्यातनंच तिची चव आली. (तिथल्या अँकर ब्रूअरीनं १९८१ ला स्टीम बिअर हे नाव ट्रेडमार्क केलं, तेव्हापासून बाकीचे कॅलिफोर्निया कॉमन म्हणतात.) एलचं यीस्ट घातल्यावर ती चव कुठनं येणार? पुढच्या वेळी लागर यीस्टच घालणार.

तक्रार एकच, ती यीस्टची नाही. एका ऑनलाइन दुकानानं पुडा आईस पॅकशिवाय पाठवला, त्या बॅचला फेस यायला दीड दिवस लागला. बिअर नितळ व्हायलाही वेळ घेतंय, तीन-चार दिवस फ्रिजमध्ये ठेवा. घेताना मागची तारीख बघा, आणि फोडलेला पुडा उरवून ठेवू नका.