लिचेसचं ‘स्टडी’: डी४वाल्यांची फुकटातली तालीम

शाळेत मी बुद्धिबळाचा वर्ग घेते. पोरं सगळी ई४ची (राजापुढचं प्यादं दोन घरं ढकलून सुरुवात) भक्त. डी४ (वजिरापुढचं प्यादं दोन घरं) खेळा म्हटलं की ‘मॅडम, बोअर होतं’. त्यांना डी४मधून येणाऱ्या क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्ड या ओपनिंगची, म्हणजे डावाच्या ठरावीक सुरुवातीची, गोडी लावायला लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावरच्या ‘स्टडी’इतकं (चालींचे धडे जुळवायची वही) कामाचं मला काही सापडलेलं नाही. पैसे नाहीत, जाहिराती नाहीत, सगळा कारभार देणग्यांवर.

एका स्टडीत ६४ चॅप्टर मावतात. माझा पहिला चॅप्टर ठरलेला: डी४ डी५, सी४ ई६, घोडा सी३ घोडा एफ६, उंट जी५ घोडा बीडी७ (बी८चा घोडा डी७वर). मग डी५वर प्याद्यांची मारामारी होते आणि पांढऱ्याला वाटतं, एफ६चा घोडा वजिरापुढे बांधलेला आहे (हलला तर मागचा वजीर जातो), डी५चं प्यादं फुकट आहे. घोड्याने ते खाल्लं की काळा बांधलेल्या घोड्यानेच तो घोडा मारतो, वजीर खुशाल जाऊ देतो आणि उंट बी४वर आणून शह देतो. पांढऱ्याला मध्ये वजीर घालण्यावाचून गत्यंतर नाही. हिशेब संपतो तेव्हा काळ्याकडे एका प्याद्याच्या बदल्यात अख्खा घोडा जास्त!

‘इंटरॅक्टिव्ह लेसन’ निवडलं की ही चाल मुलांना स्वतः शोधावी लागते आणि अडली की आपण लिहिलेली सूचना दिसते. माझी सूचना: ‘वजीर गेला तर जाऊ दे, राजाकडे बघ.’

इंजिन (चाली तपासणारा संगणक) मात्र मी सेटिंगमध्ये ‘फक्त मला’ करून ठेवते. नाहीतर पोरं पटाऐवजी ‘+०.३’ (पांढरा किंचित वरचढ) वाचत बसतात, आणि तो आकडा का आला हे इंजिन काही सांगत नाही.

ओपनिंग एक्स्प्लोररमध्ये (आधी खेळलेल्या डावांच्या साठ्यात) मास्टर्सचे डाव १९५२पासूनचे. म्हणजे १९२७च्या कापाब्लांका-अलेखिन जगज्जेतेपदाच्या सामन्यातले, ३४पैकी ३२ डाव याच ओपनिंगचे असूनही, तिथे नाहीत. पीजीएन (डावाच्या चालींची फाइल) आणून स्वतः चिकटवायचं. १९७२च्या फिशर-स्पास्की जगज्जेतेपदाच्या सामन्याचा सहावा डाव मात्र घ्याच. ई४वाला फिशर सी४ने सुरुवात करून याच ओपनिंगमध्ये येतो, आणि हरलेला स्पास्कीही टाळ्या वाजवतो. ई४च्या भक्तांना यापुढे वेगळं काही सांगावं लागत नाही.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. सध्या गुकेशचा चॅप्टर जुळवतेय: सिंगापूर २०२४, जगज्जेतेपदाच्या सामन्याचा तिसरा डाव. प्रतिस्पर्धी डिंगचा उंट सी२वर जातो तिथे थांबवून विचारणार, आता हा परत कसा येणार?