यादी घोकायची की मूळ शोधायचं?
दादरहून चर्चगेटला जाणाऱ्या लोकलमध्ये मोबाइलवर इंग्रजी शब्दार्थांची यादी घोकणारे रोज दिसतात. परीक्षा पंधरा दिवसांवर आली असेल तर तेच बरं. पण 'बेनेव्होलंट' म्हणजे परोपकारी, हे मरीन लाइन्स येईपर्यंत डोक्यातून उतरतं. मुळाकडून गेलं की लॅटिन 'बेने' म्हणजे चांगलं, 'व्होलेन्स' म्हणजे इच्छिणारा. मग वाईट चिंतणारा 'मॅलेव्होलंट' फुकटात कळतो. आपल्याला तर आणखी सोपं! 'डेंटिस्ट'मधला 'डेंट' आणि आपला दंत, 'पेडेस्ट्रियन'मधला 'पेड' आणि आपलं पद, ही चुलत भावंडंच. फक्त मुळावरच विसंबू नका. 'नाइस' ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचा अर्थ होता अडाणी. म्हणून मी मूळ वहीत लिहितो, आजचा अर्थ मात्र शब्दकोशातच बघतो.